कोकरू जागं होऊ नये म्हणून

क्रांती चौकातल्या सिग्नलला मी त्याला पहिल्यांदा बघितलं, तेही आधी कानानं.

खरंच सांगते, कानानंच. खट्... खट्... डुग्... असा आवाज करत उंच चाकांची, मातीनं माखलेली एक पिकअप माझ्या स्कूटीशेजारी येऊन उभी राहिली. उभी कसली! ब्रेक लागल्यावरही ती झुलतच होती. पोरगी उडी मारून पळाली तरी झोका मागं हलत राहतो ना, तशी. दुसऱ्या मुली गाडी बघतात, गाडीतला माणूस बघतात. मी वाकून चाकामागं बघते, माझं कामच ते. मागच्या शॉकअपच्या नळीवरून तेलाचा ओघळ उतरला होता आणि त्यावर धूळ बसली होती... रडल्यावर काजळ पसरावं तशी.

मला राहवलं नाही. मी काचेवर टकटक केली.

काच खाली सरकली. आधी दिसलं ते कोकरू. शेजारच्या सीटवर, घोंगड्याच्या घडीवर, नाक पायांत खुपसून गाढ झोपलेलं. मग दिसला तो. उन्हानं रापलेला चेहरा, कपाळावर आलेले केस, आणि डोळे... असे डोळे लांबवर बघायची सवय असलेल्या माणसाचे असतात.

"तुमचे शॉकअप मेलेत," मी म्हणाले.

त्यानं ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला ना जरा. आत्ताच डोळा लागलाय."

"मी शॉकअपचं बोलतेय."

"आन् मी कोकराचं."

सिग्नल सुटला. मागून हॉर्नचा एकच गिल्ला झाला आणि कोकरानं मान वर करून "बेंऽऽ" केलं.

"उठवलंच शेवटी!" तो हसला. गाडी पुढं सरकत होती. त्यानं मान बाहेर काढली. "बसता कुठं तुम्ही?"

"वाळूजला!" मी ओरडले.

तो गेला, आणि मग माझं मलाच हसू आलं. वाळूज! हा काय पत्ता झाला? शिफ्टच्या बसगाड्या, कंपन्यांची फाटकं, पत्र्याच्या शेडांच्या रांगांवर रांगा. तिथं माणूस शोधायचा म्हणजे गव्हाच्या पोत्यात पडलेला तांदळाचा दाणा शोधायचा.

मी आधी तिथल्याच एका कारखान्यात होते. मोटारसायकलचे शॉकअप मशीनवर दाबून बघायचं काम. दिवसभर दाबायचे, सोडायचे. तिथंच मला त्यांचा नाद लागला. पुढं रामकिसनमामाच्या, लोखंड कातायच्या लेथच्या शेडमधला एक कोपरा मी मागून घेतला आणि डोंगरदऱ्यांत पळवायच्या गाड्यांचे मोठे शॉकअप उघडून पुन्हा नवे करून द्यायला लागले. माझ्याकडं येणारी पोरं हौशी. त्यांना गाडी उडवायची असायची. "सुकेशनी, असं कर की हवेतून पडली तरी मोडली नाय पाहिजे!" एवढंच त्यांचं मागणं.

दोन-तीन दिवसांनी दुपारच्या जेवणाच्या वेळी शेडबाहेर तोच आवाज आला. खट्... खट्... डुग्...

माझ्या हातातला घास हातातच राहिला.

"सापडलात बाई!" तो दारात उभा होता, घामानं डबडबलेला. "लई हिंडलो. चहाच्या टपऱ्यांवर विचारत आलो, अशी एक पोरगी हाय का, जी गाडीचं दुखणं कानानं ओळखती? एका टपरीवाल्यानं बरोब्बर बोट दाखवलं."

"कोकरू कुठंय?"

"ते गेलं आईकडं. पाय मुरगळलाता त्याचा, म्हणून डॉक्टरला दाखवायला आणलंतं."

"आणि नाव?"

"कोकराचं?"

"तुमचं!"

तो जरा ओशाळला. "हनुमान."

लेथमागून मामाचा खोकला ऐकू आला. तो खोकला नव्हता, हसू दाबलं होतं.

"हसा, हसा," हनुमान म्हणाला. "नाव ऐकल्यावर लोक दोनच गोष्टी विचारतात. डोंगर उचलतो का, आन् लग्न करणार हाय का नाय."

"मग काय सांगता?"

"डोंगर उचलत नाय. डोंगरात राहतो."

"आणि दुसऱ्याचं?"

तो थांबला. माझ्याकडं बघितलं... आणि लगेच गाडीकडं. "दुसरं अजून कुणी मनापासून विचारलंच नाय."

मी पाना उचलला आणि सरळ गाडीखाली शिरले. गाल तापले की गाडीखालची जागा बरी असते.

त्याची गोष्ट त्यानं मी बोल्ट सोडवत असतानाच सांगितली. कन्नडच्या पुढं, सातमाळ्याच्या डोंगरात त्याच्या घरच्यांची मेंढरं. घर चाकावर आणि पायावर. आज या रानात, उद्या त्या. तो जनावरांच्या उपचाराचं शिकला होता आणि ही गाडी घेऊन मेंढपाळांच्या वाड्यांवर फिरायचा. लस टोचायची, औषध पाजायचं, आजारी जनावर डोंगराखाली दवाखान्यात पोचवायचं. गाडी आधी शर्यतीत पळवणाऱ्या एका रॅलीवाल्याची होती, म्हणून तिला हे दांडगे शॉकअप.

"गेल्या साली एका मेंढीचं पिल्लू अडलं," तो म्हणाला. आवाज खाली गेला होता. "गाडीत घातली न् निघालो. वाट म्हणजे नुसते दगड. अशी आपटली गाडी, अशी आपटली... खाली पोचेपर्यंत मेंढीबी गेली, पोटातलंबी गेलं. डॉक्टर मॅडम म्हणल्या, येळेत आणली असती तर वाचली असती. मी येळेतच आणलीती हो. वाटेनं मारली तिला."

मी गाडीखालून बाहेर आले.

"माझ्या गाडीला उडायचं नाय," तो म्हणाला. "मागं निजलेलं कोकरू जागं होऊ नये, एवढंच पाहिजे. जमंल का?"

आजवर असं कुणी मागितलं नव्हतं. सगळ्यांना लोखंडाची ताकद हवी होती. ह्याला लोखंडाची माया हवी होती.

"बघू," मी म्हणाले, पण मनात म्हणाले — जमवणारच.

त्यानं जायला पाहिजे होतं. शॉकअप ठेवून जायचं, झाले की न्यायचे, असा रिवाज. पण तो स्टुलावर बसला आणि बघत राहिला. मी आधी आतला गॅस सोडला. तो आधी सोडावाच लागतो, नाही तर झाकण बंदुकीच्या गोळीसारखं सुटतं. 'फुस्सऽऽ' झालं तसा तो दचकला. मग झाकण काढून तेल ट्रेमध्ये ओतलं. काळंभोर, आणि त्यात लोखंडाची बारीक चमचम.

"आईशप्पथ... चांदण्याच की!" तो वाकून बघत म्हणाला.

"चांदण्या नाहीत, झीज आहे. आतून खरवडत आलंय सगळं."

मग मी पिस्टन बाहेर काढला आणि त्याच्यावरच्या चकत्या एक-एक करून फडक्यावर मांडल्या. पोलादाच्या, कागदासारख्या पातळ, मोठीपासून लहानपर्यंत. त्याला वाटलं होतं, आत मोठी स्प्रिंग असेल, काहीतरी दणकट असेल.

"एवढ्या गाडीचा भार ह्या... ह्या पानांवर?"

"भार खालच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर असतो. ह्यांच्यावर धक्का असतो." मी एक चकती त्याच्या तळहातावर ठेवली. "चाक दगडावर चढलं की पिस्टन तेलात घुसतो. तेलाला पळायचं असतं. ह्या चकत्या त्याला अडवतात, पण हट्टानं नाही. थोड्या वाकतात, वाट देतात, तीही हळूहळू. धक्का तेवढ्यात दमतो."

तो बराच वेळ त्या चकतीकडं बघत होता. देवळात गाभाऱ्याशी उभी असलेली माणसं बघतात तसा. मी हे काम रोज करते, पण त्या दिवशी त्याच्या डोळ्यांनी ते मला पुन्हा नवं दिसलं. केवढीशी ती चकती... आणि केवढं ते डोंगराचं भांडण तिच्या अंगावर!

पिस्टनच्या रॉडवर मी नख फिरवलं. नख अडकलं. म्हणजे रॉड गेलेला. मामानं नवे रॉड लेथवर उतरवले, त्यांना क्रोम चढवून आणलं. तेल अडवणारं सील त्या मापाचं कुठं मिळेना, म्हणून शहागंजात जुन्या दुकानांमधून हिंडावं लागलं. हनुमान बरोबर आला. मी म्हणाले नव्हते, तरी आला. गर्दीतून चालताना तो माझ्या आणि हातगाड्यांच्या मधून चालत होता, मेंढरं रस्ता ओलांडतात तेव्हा मेंढपाळ चालतो तसा, एक हात किंचित पसरून.

"मी काही मेंढरू नाही," मी म्हणाले.

"नायच," तो म्हणाला. "मेंढरू ऐकतं."

पहिल्यांदा जुळवणी केली तेव्हा मी फारच मऊ केलं. मायेच्या भरात चकत्या कमी घातल्या. कंपन्यांमागच्या कच्च्या रस्त्यावर गाडी काढली, तर ती होडीसारखी डुलायला लागली. हनुमानचा चेहरा पांढराफटक.

"मॅडम... मेंढीचं सोडा. मलाच उलटी होईल."

मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. मग पुन्हा सगळं उघडलं, चकत्या वाढवल्या, नवं तेल घातलं. पिस्टन अगदी सावकाश वर-खाली करत तेलातला हवेचा शेवटचा बुडबुडा येईपर्यंत वाट बघितली. आत एक बुडबुडाही राहून चालत नाही. मग गॅस भरला. रॉड दाबला तर तो थोडा दबला आणि शांतपणे, हळूहळू परत वर आला... झोपलेल्या माणसाची छाती येते तसा.

दुसऱ्यांदा त्याच रस्त्यावरून गेलो. खड्डे तेच होते, पण आम्ही नुसतं वर-खाली तरंगत होतो. गाडी थांबवून मी त्याला म्हणाले, "चाकामागं हात घाला. शॉकअपला लावून बघा."

त्यानं हात लावला आणि झटकन काढला. "गरम हाय की लई!"

"एवढे धक्के तुम्हाला लागले नाहीत ना? ते त्यानं सोसले. धक्का नाहीसा होत नाही. त्याची ऊब होते आणि ती वाऱ्यावर जाते."

त्यानं पुन्हा हात पुढं केला, या वेळी जपून. माझा हातही तिथंच होता. दोघांची बोटं शेजारी-शेजारी, मधे दोऱ्याएवढं अंतर, आणि खालून येणारी ती ऊब.

"मला वाटायचं," तो हळूच म्हणाला, "लोखंडाला काय कळतंय..."

मी हात काढून घेतला. लगेच नाही. पण घेतला.

"हा रस्ता तुमचा नाही," मी घाईनं म्हणाले. "तुमच्या डोंगरातली वाट बघितल्याशिवाय मला पक्कं सांगता येणार नाही."

"मग चला की."

"कामासाठी."

"मी कुठं म्हणलं दुसऱ्यासाठी?"

त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. माझ्याही असेल. मला दिसलं नाही, पण मामाला दिसलं असावं, कारण तो लेथ बंद करून म्हणाला, "मीबी येतो. लई दिवसांत डोंगर बघितला नाय."

दिवाळी होऊन गेली होती. सकाळी हवेत थंडी होती. मामा आमच्या दोघांच्या मधे बसला, गिअरच्या दांड्यासारखा ताठ. दौलताबादचा किल्ला मागं पडला, खुलताबादचा घाट, वेरूळ... कापसाच्या शेतांतून वेचणीची गडबड चालू होती. कन्नडच्या पुढं हनुमाननं डांबरी सोडली आणि वाट सुरू झाली.

वाट! ओढ्याचा कोरडा पट्टा, त्यात नारळाएवढे, घागरीएवढे दगड; मग चढ, मग पुन्हा दगड. इथून तो रोज जातो? मी खिडकीबाहेर मान काढून पुढच्या चाकाकडं बघत होते. चाक दगडावर चढायचं, खाली पडायचं, शॉकअप 'हूंऽऽ' करून श्वास सोडायचा, आणि आम्ही मात्र बसलेल्या जागी बसलेलेच.

"पोटातलं पाणीबी हलंना," मामा म्हणाला. मामाच्या तोंडून कौतुक म्हणजे दुष्काळात पाऊस!

पठारावर पोचलो तर आभाळ एकदम मोठं झालं. शहरात आभाळ इमारतींच्या मधल्या फटीतून दिसतं. इथं ते चारी बाजूंनी जमिनीला टेकलेलं होतं. खाली दरी, दरीत निळसर धूर, वाऱ्यानं लवणारं पिवळं गवत. मी गाडीतून उतरले आणि तशीच उभी राहिले. मला वाटलं, इतक्या वर्षांत मी किती बारक्या जागेत किती मोठ्या धक्क्यांचा हिशोब करत बसले होते...

वाडा म्हणजे दोन पालं, एक चूल, कुत्री, आणि सुताच्या जाळीचं गोल कुंपण. आत नुसती कोकरं. मोठी मेंढरं हनुमानच्या वडिलांबरोबर, फकिरादादांबरोबर, चरायला गेली होती. हनुमानची आई, मंजुळाबाई, चुलीपुढून उठल्या. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी माझे हात हातात घेतले, उलटे करून बघितले. नखांत काळं तेल, बोटांवर पान्याचे घट्टे.

"कामाचे हात हायत," त्या म्हणाल्या आणि मला आपल्या शेजारी बसवून घेतलं.

भाकरी ताटात पडली न पडली तोच पलीकडून हनुमानची हाक आली. आवाज निराळाच होता.

कुंपणामागं, चरायला न पाठवलेली एक गाभण मेंढी आडवी पडली होती. मान ताणलेली, दात आवळलेले. हनुमाननं हात धुवून तपासलं. उठला तेव्हा त्याचा चेहरा त्या दिवशी शेडमध्ये होता तसा झाला होता.

"पिल्लू आडवं हाय. माझ्यानं नाय व्हायचं. खाली न्यावी लागंल."

मंजुळाबाईंनी पदर तोंडाला लावला. गेल्या सालची ती मेंढी सगळ्यांनाच आठवत होती.

"मी मागं बसते," मी म्हणाले.

मागच्या हौद्यात गवत पसरलं, वर घोंगडं. मेंढीला उचलून ठेवलं आणि तिचं डोकं मी मांडीवर घेतलं. मामाला वर ठेवून आम्ही निघालो.

तो गाडी इतकी हळू चालवत होता की चालणारा माणूस पुढं गेला असता. प्रत्येक दगडापुढं थांबत होता, प्रत्येक दगडाला जणू हात जोडत होता. मेंढीचं पोट माझ्या हाताखाली दगडासारखं कडक व्हायचं, सैल पडायचं, पुन्हा कडक. तिचे डोळे माझ्यावर होते. पिवळे, आडव्या बाहुलीचे डोळे. त्यांत भीती नव्हती, नुसतं विचारणं होतं. ओढ्याचा पट्टा समोर आला आणि हनुमाननं गाडी थांबवली. थांबवलीच.

मी केबिनच्या काचेवर हात आपटला. "काय झालं?"

"नाय जमणार," तो मागं न बघता म्हणाला. "इथंच... गेल्या टायमाला इथंच गेली ती."

"हनुमान, ऐका माझं. थांबत-थांबत गेलात तर प्रत्येक दगड तिला लागेल. वेग धरा. एकसारखा वेग धरा आणि सोडू नका. खालचे धक्के शॉकअप सोसतील."

"आन् नाय सोसलं तर?"

"मी स्वतःच्या हातानं भरलेत ते. एक बुडबुडा ठेवलेला नाही आत." मी काचेशी तोंड नेलं. "तिच्याबरोबर मीही मागं बसलेय ना? चालवा!"

आरशात त्याचे डोळे दिसले. मग त्यानं गिअर टाकला.

गाडी ओढ्यात शिरली. दगड चाकांखाली तडातडा वाजायला लागले. मी मेंढीच्या मानेवर वाकले, डोळे मिटले, आणि कान खालच्या आवाजाला लावले. हूंऽऽ... हूंऽऽ... हूंऽऽ... चारी चाकं आपापल्या दगडाशी भांडत होती, आणि वर, आमच्यापर्यंत, त्या भांडणातलं नुसतं डुलणं पोचत होतं. डोळे उघडले तेव्हा दोन्ही बाजूंनी गवत मागं पळत होतं. मेंढीनं मान माझ्या मांडीवर सैल सोडली होती. ओढा कधीच मागं पडला होता.

दवाखान्यातल्या डॉक्टर श्रेया मॅडमनी आम्हाला बघितलं आणि काही न विचारता हातमोजे चढवले. पोट उघडून पिल्लं काढावी लागली. पिल्लं, कारण एक नाही, दोन होती! पहिलं बाहेर येताच ओरडलं. दुसरं मात्र ओल्या फडक्यासारखं लोंबत होतं. मॅडमनी त्याचं नाक पुसलं, छाती चोळली, पुन्हा चोळली. हनुमान पुतळ्यासारखा उभा.

आणि मग त्या एवढ्याशा छातीत काहीतरी हललं. एकदा. मग पुन्हा.

"घे गं, धर," मॅडमनी ते माझ्या हातांत दिलं. "गरम ठेव."

ओलं, चिकट, वजनच नसल्यासारखं. माझ्या तळहाताखाली त्याचं काळीज धडधडत होतं, इतक्या जोरात, इतक्या घाईनं, की जणू सगळं जग त्याला आत्ताच बघायचं होतं. मी आयुष्यभर बंद नळ्यांमधल्या हालचाली ओळखत आले होते. पण ही हालचाल कुणी भरली? कुठून आली ती? माझे डोळे कधी वाहायला लागले, मला कळलंही नाही. वर बघितलं तर हनुमान माझ्याकडं बघत होता. कोकराकडं नाही. माझ्याकडं.

"तुम्ही..." तो म्हणाला, आणि वळला. तो नळावर जाऊन कितीतरी वेळ तोंड धूत राहिला.

मेंढीला टाके घालून, दोन्ही पिल्लं तिच्या कुशीत देऊन आम्ही परत वर निघालो. पठारावर पोचलो तेव्हा सूर्य कलला होता. मंजुळाबाईंनी पिल्लं बघितली, मेंढीला बघितलं, आणि माझ्या चेहऱ्यावरून दोन्ही हात उतरवून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. मामा चहा पीत बसला होता. त्यानं नुसती मान हलवली, पण त्याचेही डोळे चमकत होते.

"थांबा," हनुमान मला म्हणाला. "आत्ताच जाऊ नका. मेंढरं यायची येळ झाली. हे बघितल्याशिवाय डोंगर बघितला असं होत नाय."

आम्ही जाळीपाशी उभे राहिलो. समोरची टेकडी सरकल्यासारखी दिसली. मला वाटलं, ढगाची सावली आहे. सावली नव्हती. मेंढरं होती! काळी, करडी, पांढरी... टेकडीच्या अंगावरचं घोंगडंच कुणीतरी खाली ओढत होतं. पुढं फकिरादादा, खांद्यावर काठी. वाऱ्यावर पहिला आवाज आला आणि जाळीतली सगळी कोकरं एकदम उठली. तिकडून आया ओरडायला लागल्या, इकडून पिल्लं. फकिरादादांनी जाळी उचलली आणि दोन पूर एकमेकांत घुसले.

असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. कारखान्यातली सगळी मशीनं एकदम चालू झाली तरी असा होणार नाही. हजार गळे, आणि प्रत्येक गळ्यात एकच हाक. मेंढ्या परक्या पिल्लांना हुंगून बाजूला लोटत होत्या, पिल्लं पायांखालून वाट काढत होती, धडपडत होती, पुन्हा उठत होती...

"कसं ओळखतात?" मी ओरडले.

"आवाजावरनं! जवळ आल्यावर वासावरनं!"

"एवढ्या गोंगाटात?"

"व्हय! चुकत नायत कधी!"

मी नुसती बघत होते. मग तो आणखी काहीतरी म्हणाला. त्याचे ओठ हललेले दिसले.

"काय?"

तो पुन्हा म्हणाला. एक मेंढी माझ्या कानाशीच ओरडली.

"ऐकू येत नाही!"

त्यानं छाती भरून श्वास घेतला, डोळे मिटले, आणि सगळ्या ताकदीनं ओरडला —

पण झालं काय, की नेमक्या त्याच क्षणी शेवटच्या पिल्लाला त्याची आई सापडली. सगळी तोंडं एकदम आचळांना लागली. सगळा आवाज कुणीतरी हातानं पुसावा तसा पुसला गेला. आणि त्या अफाट, कोऱ्या शांततेत, दरीच्या पार पलीकडं जाऊन हनुमानची हाक परत आली —

"तू मला लई आवडतीस!"

...आवडतीस... आवडतीस... दरी म्हणाली.

त्यानं डोळे उघडले. मामाची कपबशी हवेतच थांबली होती. फकिरादादा हातात जाळी धरून उभे. कुत्र्यांनीसुद्धा माना वळवल्या होत्या. हनुमान कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

"आरं, वरडतो कामून?" मंजुळाबाई चुलीपुढून म्हणाल्या. "आम्हाला कवाच कळलंय ते." मग माझ्याकडं वळल्या. "आन् पोरी, तुझं काय म्हणणं हाय?"

मला खरं तर हळूच सांगायचं होतं. फक्त त्यालाच. पण त्या शांततेत काहीच हळू राहत नव्हतं.

"मलाही तू आवडतोस," मी म्हणाले.

माझा आवाजही दरीकडं निघून गेला. फकिरादादांनी आल्यापासून पहिल्यांदाच तोंड उघडलं. "बरं झालं," एवढंच म्हणाले आणि जाळी बांधायला वाकले.

हनुमान सगळ्यांच्या देखत दोन पावलं पुढं आला आणि त्यानं माझा तेलकट हात हातात घेतला. मी काढून घेतला नाही. पश्चिमेला आभाळ तांबूस होत होतं, आणि आमच्या चारी बाजूंना, पठारभर, एकच बारीक आवाज पसरला होता... असंख्य पिल्लं दूध पीत होती.